मुंबईचा धूर ते मुळशीची धूळ : हवेतील कण आणि जुनाट हृदयविकार यांचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश :
पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याचे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात प्रामुख्याने १९२१ ते १९२४ या काळातील सत्याग्रहामुळे घेतले जाते. ज्या जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध तो सत्याग्रह झाला, त्या प्रकल्पामागे मुंबईच्या गिरण्यांना कोळशाऐवजी वीज पुरविण्याची योजना होती. मुंबईची हवा निर्धूर करण्याच्या प्रयत्नाशी मुळशीचे खोरे अशा रीतीने शंभर वर्षांपूर्वीच जोडले गेले. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून याच तालुक्याच्या पूर्व भागात दगडखाणी, खडी क्रशर, बांधकामे आणि अवजड वाहतूक वाढली. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा मागोवा घेऊन, हवेतील धुळीचा जुनाट हृदयविकार असलेल्या व्यक्तींवर होणारा परिणाम वैद्यकशास्त्राला कसा उलगडत गेला आणि कायद्याच्या व मोजमापाच्या व्यवस्थेत या रुग्णाला कोणते स्थान मिळाले, याचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : मुळशी, धूळ, सूक्ष्म कण, हृदयविकार, दगडखाण, पर्यावरण इतिहास.

१. प्रस्तावना

धूळ ही ग्रामीण जीवनात नवी नाही. खळ्यावरची, गाडीवाटेची, उन्हाळ्यातल्या वावटळीची धूळ शेतकऱ्याच्या परिचयाची असते. त्यामुळेच बहुधा धुळीकडे पाहण्याची आपली दृष्टी ‘त्रास’ या शब्दापुढे गेली नाही. धुळीने कपडे मळतात, डोळे चुरचुरतात, खोकला येतो, पिकाच्या पानांवर थर बसतो, एवढे सर्वांना मान्य असते. मात्र धुळीचा संबंध हृदयाशी आहे असे सांगितले, तर अनेक सुशिक्षितांनाही ते प्रथम पटत नाही. धूळ नाकातोंडातून फुप्फुसात जाते, ती हृदयापर्यंत पोहोचणार कशी, हा प्रश्न स्वाभाविक आहे. वैद्यकशास्त्रालाही या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतच मिळू लागले.

इतिहासाच्या अभ्यासकाला या विषयात रस वाटण्याचे कारण असे की, हवा ही सर्वांची असली तरी स्वच्छ हवेची वाटणी कधीच समान नव्हती. कोणाची हवा शुद्ध करण्यासाठी कोणी किंमत मोजली, कोणत्या वस्तीतील धूळ मोजली गेली आणि कोणत्या वस्तीतील मोजली गेली नाही, हे प्रश्न सत्ता, अर्थकारण आणि नागरिकत्व यांच्याशी निगडित आहेत. मुळशी तालुका हे त्याचे बोलके उदाहरण होय.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) मुळशीच्या इतिहासाचा हवेच्या प्रदूषणाच्या दृष्टीने विचार करणे.
२) धूळ आणि हृदयविकार यांच्या संबंधाविषयीच्या ज्ञानाचा विकास समजून घेणे.
३) धुळीविषयक कायदे व मानके यांत जुनाट हृदयरुग्णाच्या हिताचा कितपत विचार झाला, हे तपासणे.

लेखासाठी वर्णनात्मक व ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित ग्रंथ, कायदे, अधिसूचना आणि वैद्यकीय संशोधनाचे प्रसिद्ध निष्कर्ष ही त्याची साधने आहेत. ‘जुनाट हृदयविकार’ या संज्ञेत येथे हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेले, पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, हृदयाची कार्यक्षमता कमी झालेले आणि हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता असलेले रुग्ण अभिप्रेत आहेत.

३. मुंबईचा धूर आणि मुळशीचे पाणी

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईतील कापड गिरण्या वाफेच्या इंजिनांवर चालत असत. त्यासाठी लागणारा कोळसा दुरून आणावा लागे आणि गिरणगावातील धुराड्यांचा धूर हा शहराच्या चर्चेचा विषय झाला होता. या धुरावर नियंत्रण ठेवण्यासाठी १९१२ मध्ये ‘बॉम्बे स्मोक न्यूसन्सेस ॲक्ट’ हा कायदा करण्यात आला. कायद्याच्या नावातील ‘न्यूसन्स’ म्हणजे उपद्रव हा शब्द लक्षात घेण्यासारखा आहे. धूर हा रोगाचे कारण म्हणून नव्हे, तर सार्वजनिक उपद्रव म्हणून कायद्याच्या कक्षेत आला. डोळ्यांना दिसणारा काळा धूर हाच तेव्हा चिंतेचा विषय होता. न दिसणाऱ्या कणांची कल्पनाही त्या कायद्यात नव्हती.

याच सुमारास सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस अडवून, ते पाणी कोकणाच्या बाजूला खाली सोडून वीज निर्माण करण्याची योजना टाटा उद्योगसमूहाने हाती घेतली. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोली येथील वीजगृहातून मुंबईला वीज मिळू लागली. त्यानंतर आंध्रा खोऱ्यातील योजनेवर आधारलेले भिवपुरीचे वीजगृह १९२२ मध्ये सुरू झाले. तिसरा टप्पा मुळशीचा. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या टाटा पॉवर कंपनीने मुळा नदीवर धरण बांधण्याचे काम हाती घेतले आणि १९२७ मध्ये भिरा येथील वीजगृह कार्यान्वित झाले.

या धरणाखाली मुळशी पेट्यातील सुमारे पन्नास गावांच्या जमिनी जाणार होत्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रहाला प्रारंभ केला. पांडुरंग महादेव बापट यांचे नेतृत्व याच लढ्यात पुढे आले आणि ‘सेनापती’ ही उपाधी त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. विनायकराव भुस्कुटे यांचाही लढ्यात प्रमुख सहभाग होता. १९२४ पर्यंत चाललेला हा लढा अखेर अयशस्वी ठरला. डॉ. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा सविस्तर अभ्यास करून त्यातील शेतकरी, सावकार, पुढारी आणि भांडवलदार यांच्या हितसंबंधांची मांडणी केली आहे. आतापर्यंतच्या लेखनात हा सत्याग्रह जमीन, विस्थापन आणि राष्ट्रीय चळवळ या अंगांनी तपासला गेला. तथापि त्याला हवेचेही एक अंग आहे. मुंबईच्या गिरण्यांना धुराड्याविना चालविणारी वीज मुळशीच्या बुडालेल्या भातखाचरांवरून वाहत गेली. शहराच्या निर्धूर हवेची किंमत खोऱ्याने जमिनीच्या रूपाने मोजली, असे म्हणण्यास हरकत नाही.

ही किंमत मोजूनही मुंबईची हवा शुद्ध राहिली नाही. विजेची मागणी वाढत गेली, जलविद्युत अपुरी पडू लागली आणि १९५६ मध्ये तुर्भे, म्हणजे ट्रॉम्बे, येथे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. तेलशुद्धीकरण व खत कारखान्यांमुळे चेंबूर परिसर प्रदूषणासाठी ओळखला जाऊ लागला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी लालबाग, चेंबूर, खार आणि एक ग्रामीण भाग यांची तुलना करून हवेचे प्रदूषण व आरोग्य यांचा अभ्यास केला. महाराष्ट्रातील या विषयावरील हे आरंभीचे शास्त्रीय काम होय. त्यात भर मुख्यतः दम, खोकला व फुप्फुसाच्या कार्यक्षमतेवर होता, आणि तत्कालीन ज्ञानाच्या मर्यादेत ते स्वाभाविकच होते.

४. फुप्फुसापासून हृदयापर्यंत : ज्ञानाचा प्रवास

दूषित हवेने माणसे मरू शकतात, ही जाणीव पाश्चात्त्य देशांतील काही दुर्घटनांनी करून दिली. १९३० मध्ये बेल्जियममधील म्यूझ नदीच्या खोऱ्यात, १९४८ मध्ये अमेरिकेतील डोनोरा येथे आणि डिसेंबर १९५२ मध्ये लंडन शहरात धुरकट धुक्याने अनेकांचे बळी घेतले. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांच्या लंडनमधील धुरक्यामुळे सुमारे चार हजार जादा मृत्यू झाल्याचे प्रथम मानले गेले. पुढील काळातील फेरतपासणीत हा आकडा बारा हजारांच्या घरात असल्याचे मांडण्यात आले. या मृतांत श्वसनविकाराच्या रुग्णांबरोबर हृदयविकाराचे रुग्णही होते. म्यूझ आणि डोनोरा या दोन्ही घटना नदीखोऱ्यात घडल्या, थंडीच्या दिवसांत वरच्या उबदार हवेच्या थराखाली खालची थंड हवा अडकून राहिल्याने घडल्या, हे मुळशीसारख्या डोंगरांनी वेढलेल्या प्रदेशाचा विचार करताना ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा १९९३ चा. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा शहरांतील ८,१११ प्रौढांचा चौदा ते सोळा वर्षे पाठपुरावा केला. सर्वांत प्रदूषित शहरातील मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहराच्या तुलनेत २६ टक्क्यांनी अधिक आढळला. धूम्रपानासारख्या कारणांचा प्रभाव वगळूनही हा फरक कायम राहिला. विशेष म्हणजे जादा मृत्यूंत हृदय व फुप्फुस या दोहोंच्या विकारांचा वाटा होता आणि त्यांचा सर्वांत दृढ संबंध अतिसूक्ष्म कणांशी दिसला. २००४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने हवेचे प्रदूषण व हृदयविकार यांविषयी निवेदन प्रसिद्ध केले. २०१० च्या सुधारित निवेदनात सूक्ष्म कणांचा हृदयविकाराशी असलेला संबंध कार्यकारणस्वरूपाचा असल्याचे स्पष्ट शब्दांत मांडले. २००४ मध्येच जर्मनीतील आउग्सबुर्ग येथील अभ्यासात, वाहनांच्या गर्दीत वावरल्यानंतरच्या तासाभरात हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता सुमारे तिपटीने वाढल्याचे आढळले.

धूळ हृदयापर्यंत कशी पोहोचते, याचे स्पष्टीकरण कणांच्या आकारात आहे. दहा मायक्रॉन किंवा त्याहून कमी व्यासाच्या कणांना ‘पीएम १०’ आणि अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी व्यासाच्या कणांना ‘पीएम २.५’ म्हणतात. माणसाचा केस साधारणपणे पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. मोठी धूळ नाकात व घशात अडकते. पीएम १० श्वासनलिकांपर्यंत जातात. पीएम २.५ थेट वायुकोशांत पोहोचतात, जेथे हवा आणि रक्त यांच्यामध्ये केवळ एक अतिशय पातळ पडदा असतो.

त्यानंतरची हानी तीन मार्गांनी होते. पहिला मार्ग दाहाचा. वायुकोशांत कणांमुळे निर्माण झालेला दाह तेवढ्यावर न थांबता रक्तावाटे शरीरभर पसरतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि रक्तवाहिन्यांच्या आतील मेदाचे थर अस्थिर होतात. असा थर फुटून त्यावर गुठळी झाली की झटका येतो. दुसरा मार्ग मज्जासंस्थेचा. श्वसनमार्गातील संवेदना स्वायत्त मज्जासंस्थेचा तोल ढळवितात. त्यामुळे रक्तदाब वाढतो, ठोक्यांची लय बिघडू शकते. तिसरा मार्ग म्हणजे अत्यंत सूक्ष्म कणांचा व त्यांवरील विरघळणाऱ्या द्रव्यांचा रक्तातील प्रत्यक्ष प्रवेश होय. निरोगी तरुणाचे शरीर हा ताण बहुधा सोसते. ज्याच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत किंवा हृदयाचा स्नायू दुबळा आहे, त्याच्याजवळ हा ताण सोसण्याइतकी राखीव शक्ती नसते. म्हणून ज्या हवेत इतरांना केवळ घसा खवखवल्यासारखा वाटतो, त्याच हवेत जुनाट हृदयरुग्णाला रुग्णालयात दाखल करावे लागू शकते.

येथे एक मर्यादा नमूद करणे आवश्यक आहे. हृदयविकाराविषयीचा सर्वांत भक्कम पुरावा सूक्ष्म कणांविषयी, विशेषतः ज्वलनातून निर्माण होणाऱ्या कणांविषयी आहे. दगड फोडताना किंवा माती उकरताना उडणाऱ्या जाड धुळीविषयीचा पुरावा त्या तुलनेने कमी आहे. परंतु प्रत्यक्षात या दोन्ही वेगवेगळ्या येत नाहीत. जेथे खडी फोडली जाते तेथेच डिझेलवर चालणारे डंपर, जनित्रे आणि डांबर मिश्रणाची यंत्रे असतात. रुग्णाच्या श्वासात हे सारे मिश्रण एकत्रच जाते.

५. मुळशीतील जुना धूर आणि नवी धूळ

पूर्वी मुळशीची हवा पूर्णतः निर्मळ होती, असे चित्र रंगविणे इतिहासाला धरून होणार नाही. मावळातील भातशेतीत पेरणीपूर्वी राब भाजण्याची प्रथा जुनी आहे. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा व शेण रोपवाटिकेच्या जागेवर पसरून उन्हाळ्यात जाळले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठाणे-कुलाबा भागात राबासाठीच्या वनहक्कांवरून शेतकरी आणि जंगल खाते यांच्यात मोठा वाद झाला आणि १८८५ ते १८८७ च्या मुंबई वन आयोगापुढेही हा प्रश्न आला. तसेच चुलीचा धूर हा घराघरांत होता आणि त्याचा सर्वाधिक भार स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांवर पडत असे. खेड्यातील वृद्ध स्त्रियांच्या हृदय व फुप्फुसाच्या विकारांचा विचार करताना आयुष्यभराच्या या धुराची नोंद घ्यावीच लागते.

तथापि जुना धूर हंगामी किंवा घरापुरता मर्यादित होता. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून आलेली धूळ वेगळ्या जातीची आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने हिंजवडी येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान विकसित करण्यास प्रारंभ केला. हिंजवडी, माण, मारुंजी या गावांचे रूप दोन दशकांत पालटले. पौड रस्त्यावर भूगाव, भुकूम, पिरंगुट येथे निवासी संकुले व कारखाने वाढले. तालुक्याच्या दक्षिण भागात लवासा या गिरिस्थानासाठी डोंगरउतारांवर बांधकामे झाली. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने त्या प्रकल्पास नोटीस दिल्यावर त्याविषयी देशभर चर्चा झाली. मार्च २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. डिसेंबर २०१८ मध्ये माण-हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रो मार्गाचे भूमिपूजन झाले. २०२१ मध्ये सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक ही गावे पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली.

या सर्व बांधकामांना खडी लागते. दख्खनच्या पठाराचा काळा बसाल्ट दगड त्यासाठी उत्तम असतो आणि तो शहराच्या वेशीवरच उपलब्ध आहे. नांदे-चांदे परिसरातील दगडखाणी व क्रशर ही या मागणीचीच निर्मिती होय. नदीपात्रातील वाळूच्या उपशावर निर्बंध येत गेले, तसा दगड अधिक बारीक दळून केलेल्या क्रश सँडचा वापर वाढला. नदीचे पात्र वाचविण्याच्या दृष्टीने हे योग्यच होते. परंतु दगड जितका बारीक दळावा तितकी उडणारी भुकटी वाढते, ही त्याची दुसरी बाजू आहे. त्यातच उघड्या डंपरमधून सांडणारी कच रस्त्यावर पसरते आणि प्रत्येक वाहनाच्या चाकाखाली ती पुन्हा पुन्हा दळली जाते. याला पुनरुत्थित धूळ म्हणता येईल. क्रशर रात्री बंद झाला तरी ही धूळ बंद होत नाही.

मुळशीच्या निसर्गाचाही यात भाग आहे. ताम्हिणी परिसरात अतिवृष्टी होते आणि पावसाळ्यात तालुक्याची हवा धुऊन निघते. याच काळात येणाऱ्या पर्यटकांच्या मनात मुळशीची हिरवी, स्वच्छ प्रतिमा ठसते. परंतु दिवाळीनंतर चित्र बदलते. निरभ्र रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा जड होऊन खोलगट भागात साचते आणि सकाळी ऊन चांगले तापेपर्यंत धूर व धूळ जमिनीलगत राहते. हृदयरुग्णांना सकाळी फिरण्याचा सल्ला दिला जातो. हिवाळ्यातील वर्दळीच्या रस्त्यालगत मात्र पहाटेचीच वेळ अधिक प्रतिकूल ठरू शकते. शिवाय कडाक्याची थंडी स्वतःच रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि हृदयावरील भार वाढविते. दोन्ही कारणे एकाच वेळी एकाच व्यक्तीवर येतात.

६. मोजमापाचा इतिहास आणि कायद्यातील रुग्ण

महाराष्ट्रात १९६९ च्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्यानुसार १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. हवेसाठीचा केंद्रीय कायदा १९८१ मध्ये आला. १९९४ च्या राष्ट्रीय मानकांनी देशातील जागांची तीन वर्गांत विभागणी केली. तरंगत्या कणांची वार्षिक मर्यादा संवेदनशील क्षेत्रात ७०, निवासी व ग्रामीण क्षेत्रात १४० आणि औद्योगिक क्षेत्रात ३६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर होती. याचा अर्थ असा की, औद्योगिक क्षेत्राच्या हद्दीत राहणाऱ्या माणसाने निवासी भागातील माणसापेक्षा अडीचपट धूळ सोसणे कायद्याला मान्य होते. हृदयाची रचना मात्र क्षेत्रानुसार बदलत नाही. नोव्हेंबर २००९ च्या सुधारित मानकांत औद्योगिक व निवासी हा भेद रद्द झाला आणि पीएम २.५ चा प्रथमच समावेश झाला, ही निश्चितच महत्त्वाची सुधारणा होती.

२००९ च्या या मानकांनुसार पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा ४० आणि चोवीस तासांची ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये वार्षिक १० मायक्रोग्रॅम हे मार्गदर्शक मूल्य दिले होते. २०२१ मध्ये ते ५ वर आणण्यात आले. म्हणजेच भारतीय मर्यादा या मूल्याच्या आठपट आहे. खडी क्रशरसाठी वेगळा नियम आहे. यंत्रापासून तीन ते दहा मीटर अंतरावर तरंगते कण ६०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावेत, तसेच धूळ दाबणारी यंत्रणा, वारा अडविणाऱ्या भिंती, आवारातील पक्के रस्ते, जमिनीवर पाण्याची फवारणी आणि कडेने झाडांचा पट्टा असावा, असे तो सांगतो. हा नियम यंत्राजवळची हवा पाहतो. रस्त्यापलीकडील घरात झोपलेल्या रुग्णाची हवा पाहत नाही. अनेक क्रशर एकाच परिसरात असतील तर प्रत्येक जण नियमात राहूनही एकूण धूळ अधिक असू शकते.

मोजणी कोठे होते, हा याहून मोठा प्रश्न आहे. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या ‘सफर’ या उपक्रमाद्वारे २०१३ पासून पुणे परिसराच्या हवेचा अंदाज दिला जाऊ लागला. शिवाजीनगर, पाषाण, कात्रज, लोहगाव, भोसरी, भूमकरनगर अशी केंद्रे शहरात व त्याच्या कडेला उभी राहिली. यांपैकी पाषाण आणि भूमकरनगर ही मुळशीच्या वेशीवरची. जानेवारी २०१९ मध्ये घोषित झालेला राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमही शहरांपुरता आहे; २०१७ च्या तुलनेत कणांत २० ते ३० टक्के घट हे त्याचे आरंभीचे उद्दिष्ट होते, पुढे २०२६ पर्यंत ४० टक्के घट असे ते वाढविण्यात आले. पुणे शहर त्यात आहे. शहराला खडी पुरविणारा तालुका मात्र शहर नसल्याने त्या चौकटीबाहेर राहतो. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने बांधकामांवरील धूळ रोखण्याचे नियम केले. त्यांतील काही उपाय मानकांपेक्षा अधिक कण आढळणाऱ्या शहरांशी जोडलेले होते. आणि जेथे मोजणीच होत नाही तेथे उल्लंघनही कागदावर येत नाही.

मर्यादेच्या आत असलेली हवा सुरक्षित असते, हा समजही आता टिकण्यासारखा नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पुणे व मुंबईसह देशातील दहा शहरांच्या २००८ ते २०१९ या काळातील मृत्युनोंदींवर आधारलेल्या अभ्यासात, पीएम २.५ च्या अल्पकालीन वाढीबरोबर दैनंदिन मृत्यू वाढत असल्याचे दिसले. भारतीय मर्यादेच्या आतील दिवसांतही हा परिणाम आढळला. भारतात २०१९ या एका वर्षात हवेच्या प्रदूषणामुळे सुमारे १६.७ लक्ष मृत्यू घडल्याचा अंदाज शास्त्रज्ञांनी मांडला असून त्यांत हृदयविकार हे एक प्रमुख कारण आहे.

७. उपचाराची योजना आणि प्रतिबंधाची पोकळी

हृदयविकार हा श्रीमंतांचा, बैठे काम करणाऱ्यांचा आजार, ही समजूत महाराष्ट्रात दीर्घकाळ होती. राज्य शासनाने १९९७ मध्ये सुरू केलेल्या जीवनदायी आरोग्य योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी हृदय, मूत्रपिंड व मेंदूच्या शस्त्रक्रियांचा समावेश केला, तेव्हा गरिबांनाही हा आजार होतो याला एक प्रकारे शासकीय मान्यता मिळाली. २०१२ मध्ये तिचे रूपांतर राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेत झाले आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. या योजनांमुळे अनेकांचे प्राण वाचले, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र येथे एक विसंगती दिसते. रक्तवाहिनीतील अडथळा दूर करण्याचा खर्च समाज उचलतो. शस्त्रक्रियेनंतर तो रुग्ण ज्या हवेत परततो त्या हवेची जबाबदारी मात्र कोणाकडेच स्पष्टपणे सोपविलेली नाही. आरोग्य खात्याकडे रुग्णाची नोंद असते, प्रदूषण मंडळाकडे क्रशरची, महसूल खात्याकडे खाणपट्ट्याची. या नोंदवह्या एकत्र ठेवून वाचण्याची पद्धत नाही.

याचा परिणाम रुग्णाच्या दैनंदिन जीवनात दिसतो. धाप लागली की ‘धुळीची ॲलर्जी’ समजून खोकल्याचे औषध घेतले जाते. ती हृदयाचे कार्य मंदावल्याची खूण असू शकते, हे ध्यानात येत नाही. खाणीत, बांधकामावर, रस्त्याकडेच्या टपरीवर किंवा संकुलाच्या फाटकावर रखवालदार म्हणून काम करणाऱ्याला घरात बसून राहण्याचा सल्ला पाळता येत नाही. झटक्यानंतर कामावर परतलेला माणूस त्याच धुळीत उभा राहतो, कारण रोजगार तेथेच आहे. धुळीचा प्रश्न हा अशा रीतीने सामाजिक न्यायाचाही प्रश्न ठरतो.

८. निष्कर्ष व उपाययोजना

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात :

१) मुळशीचा हवेशी असलेला संबंध आजचा नाही. शहराच्या स्वच्छ हवेसाठी विसाव्या शतकाच्या आरंभी या खोऱ्याने जमीन दिली. शतकाच्या अखेरीपासून शहराच्या बांधकामासाठी त्याने आपली हवा दिली. दोन्ही वेळी लाभ आणि झीज यांचे ठिकाण वेगवेगळे राहिले.

२) १९१२ च्या कायद्यातील ‘उपद्रव’ ही धुराविषयीची कल्पना धुळीच्या बाबतीत अद्याप पूर्णतः मागे पडलेली नाही. धूळ हे हृदयविकार बळावण्याचे कारण आहे, ही वैद्यकीय जाणीव स्थानिक प्रशासनाच्या व्यवहारात उतरलेली नाही.

३) मोजणी शहरकेंद्री असल्याने ग्रामीण हृदयरुग्ण प्रदूषणाच्या हिशेबाबाहेर राहतो.

४) मानके सर्वसाधारण निरोगी व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवून वाचली जातात. वस्तुतः ज्याची सहनशक्ती सर्वांत कमी, त्याच्या प्रकृतीवरून हवेची योग्यता ठरविली पाहिजे.

या दृष्टीने काही उपाय सुचविता येतील. क्रशर समूहांच्या व बांधकामांच्या लगतच्या गावांत हवा मोजण्याची कायमस्वरूपी व्यवस्था असावी आणि तिचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावेत. क्रशरना परवाना देताना एका यंत्राऐवजी संपूर्ण परिसराच्या धुळीचा विचार व्हावा. खडी वाहून नेणारे डंपर झाकलेले असावेत आणि रस्त्यावरील कच नियमित, पाणी मारून, उचलली जावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात उच्च रक्तदाब व हृदयविकाराच्या रुग्णांची नोंद होतेच. त्याच यादीतील रुग्णांना हिवाळ्यातील वाईट हवेच्या दिवसांची पूर्वसूचना आशा कार्यकर्तींमार्फत देता येईल. त्या दिवसांत वर्दळीच्या रस्त्यालगत पहाटे फिरणे टाळावे, घरात कोरडा केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे, धुळीत जाणे अपरिहार्य असल्यास साध्या रुमालाऐवजी घट्ट बसणारा एन-९५ मुखपट वापरावा, औषधांत खंड पडू देऊ नये आणि छातीत दुखल्यास किंवा अचानक धाप वाढल्यास धुळीला दोष देत न थांबता तत्काळ रुग्णालय गाठावे, एवढी माहितीही मोलाची ठरेल. तथापि वैयक्तिक दक्षता हा मूळ उपायाला पर्याय होऊ शकत नाही.

९. समारोप

मुळशी सत्याग्रहातील शेतकऱ्यांचा प्रश्न वस्तुतः साधा होता : विकासाचा लाभ एकाला आणि त्याची किंमत दुसऱ्याला, असे का व्हावे? तेव्हा जमिनीचा मोबदला किती, यावर वाद होऊ शकत होता, कारण बुडालेली जमीन मोजता येत होती. धुळीने झिजणाऱ्या हृदयाचा मोबदला ठरविण्याची कोणतीच पद्धत नाही आणि ती झीज बुडालेल्या गावासारखी डोळ्यांना दिसतही नाही. म्हणूनच ती प्रथम मोजली जाणे अगत्याचे आहे. हवा मोजणारे यंत्र जेव्हा शहराची वेस ओलांडून नांदे-चांद्याच्या रस्त्यावर उभे राहील आणि त्याचा आकडा पौडच्या दवाखान्यातील रुग्णनोंदीशेजारी वाचला जाईल, तेव्हा या तालुक्यातील हृदयरुग्ण प्रदूषणाच्या शासकीय हिशेबात प्रथमच येईल.